विहीर ते गच्ची, मोरीमार्गे

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. विहीर ते गच्ची, मोरीमार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटण्याच्या तयारीत आहे. ज्या प्रवाशांच्या अंगाला साबण लागला असेल त्यांनी गोंधळून जाऊ नये. स्वयंपाकघरातील मिक्सर तात्काळ बंद करण्यात यावा. धन्यवाद."

मंडळी, ही घोषणा मी रोज सकाळी ऐकत असे, आणि तीही अंथरुणात पडल्या पडल्या. ती कुठल्या एसटी स्टँडवर होत नसे. कोल्हापुरात फुलेवाडीच्या अलीकडे एक गल्ली आहे, त्या गल्लीतल्या एका अंगणात पेरूच्या झाडाला लोखंडी कर्णा बांधला होता, त्यातून ती होत असे. घोषणा करणारे माझे घरमालक. गाडी म्हणजे त्यांच्या विहिरीवरचा पंप, आणि प्रवासी म्हणजे आम्ही. फलाट क्रमांक दोन त्या अंगणात कधीच नव्हता. पण नुसतं 'फलाट' म्हटलं तर लोक मनावर घेत नाहीत, आकडा लागतो, असं मालकांचं अनुभवाचं मत होतं.

मालक एसटीत वाहतूक नियंत्रक होते. म्हणजे आपण ज्यांच्या खिडकीत डोकं घालून 'गाडी कधी येणार' असं विचारतो आणि जे आपल्याकडे न बघता 'येईल' म्हणतात, ते. निवृत्त झाले तेव्हा स्टँड जागेवर राहिला, खुर्ची दुसऱ्याला गेली, पण आवाज घरी आला. त्या आवाजाचं काय करायचं हा प्रश्न काकूंपुढे, म्हणजे त्यांच्या पत्नीपुढे, काही दिवस उभा होता. मग मालकांनी कुठूनतरी जुना माइक, ॲम्प्लिफायर आणि कर्णा पैदा केला, पंपाच्या स्टार्टरच्या डब्याशेजारी लाकडाची पेटी ठोकून त्यात ते सगळं बसवलं, आणि तो प्रश्न काकूंपुढून उठून सगळ्या गल्लीपुढे येऊन बसला.

घोषणेला कारण मात्र खरं होतं. पंप सुरू झाला की घरातले दिवे क्षणभर मान टाकायचे, पंखा दमायचा आणि काकूंच्या मिक्सरमधला मसाला अर्धवट राहायचा. हे आधी सांगायला नको? सांगायलाच हवं. ते हाक मारून सांगता आलं असतं, हा विचार मालकांना शिवला नाही.

माइकवर त्यांची भाषा कोऱ्या धोतरासारखी असे. 'कृपया', 'तात्काळ', 'करण्यात यावा'. माइक खाली ठेवला की त्याच तोंडातून, "कोण हाय रं मोरीत? नळ सोडून झोपलासा काय?" या दोन भाषांत त्यांना स्वतःला काही फरक जाणवत नसे.

खोली बघायला मी गेलो तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. गाव विचारलं. मी मलकापूर म्हणालो. "कुठल्या गाडीनं आलासा पावणं?" मी सांगितलं. "टायमात आली?" मी म्हटलं, नाही, बराच उशीर झाला. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या घरातल्याच कुणाबद्दल काहीतरी बोललो होतो. मग म्हणाले, "शाहूवाडीपासनं रस्ता खराब हाय. गाडीचा दोष न्हाय." मी 'व्हय' म्हणालो आणि खोली मला मिळाली. त्या घरात राहिलो तितकी वर्षं मी 'मलकापूर' होतो. "ओ मलकापूर, च्या घ्यायला या." माझ्या आधीच्या भाडेकरूला ते 'गडहिंग्लज' म्हणत. त्याचं खरं नाव काय होतं हे काकूंनाही आठवत नव्हतं.

आणि आता गंमत ऐका. हा माणूस स्वतः एसटीत कधी बसत नसे. त्यांना गाडी लागायची. अख्खी नोकरी त्यांनी लोकांना गाडीत बसवण्यात घालवली आणि स्वतः सायकलवरून घरी आले. लेक पुण्यात मोठ्या हुद्द्यावर, तिथं त्याचं घर, पण मालक तिकडे एकदाच गेले होते आणि साताऱ्याच्या आतच त्यांनी पुण्याचा नाद सोडला होता. याबद्दल त्यांना विचारलं की म्हणायचे, "माझं काम गाडी सोडायचं. गाडी सुटली पायजे. पोचायचं बघंल डायव्हर."

हे वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. कुठंही लावायचे. शेजारच्या मावशींच्या पुतणीच्या लग्नात वरात निघेना, तेव्हा मालकांनी बँडवाल्याचा माइक घेतला आणि 'तांत्रिक कारणास्तव नवरदेवाच्या प्रस्थानास विलंब होत आहे' असं गंभीरपणे जाहीर केलं. तांत्रिक कारण म्हणजे नवरदेवाचा रुसलेला मेहुणा. तो पुढ्यातच उभा होता. घोषणा ऐकून त्याला एवढी लाज वाटली की वरात लगेच निघाली. ती पुढं कार्यालयापर्यंत नीट गेली का हे बघायला मालक थांबले नाहीत. सायकल घेऊन घरी आले.

पंपाच्या बाबतीत एक नियम होता, आणि तो खोलीच्या भाड्याइतकाच पक्का होता. घोषणा झाली तरी पंप लगेच सुरू व्हायचा नाही. गच्चीवर टाकीपाशी उभ्या माणसानं टाकीचं झाकण उघडून, पाइपचं तोंड आत आहे हे बघून, वरून घंटा द्यायची. घंटा म्हणजे तोंडानं. कंडक्टर दोरी ओढतो तशी. "टिंग टिंग. जाऊ द्या." ती ऐकल्याशिवाय मालकांचा अंगठा हिरव्या बटणावर दाबला जात नसे. आभाळ कोसळलं तरी नाही. एकदा मला सर्दी होती, घसा बसला होता, तर ते खाली बटणावर अंगठा ठेवून तसेच उभे राहिले आणि काकूंनी वर येऊन माझ्या वतीनं टिंग टिंग केलं.

ही नोकरी मूळची चिरंजीवांची. लहानपणी ते गच्चीवर उभे राहून अशी घंटा द्यायचे की शेजारच्या मावशींची म्हैस त्या आवाजावर पान्हा सोडायची, असं मावशी सांगत. पुढं मिसरूड फुटलं, गल्लीतल्या मुली हसायला लागल्या आणि एके दिवशी चिरंजीवांनी सांगितलं, मी करणार नाही. मालकांनी वरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायला काढल्या. पुढं घोषणा झाली की भाडेकरूनं अंथरुणातून उठून गच्ची गाठायची.

तर आता मुख्य प्रसंग.

एका सोमवारी घोषणा झाली. मी टिंग टिंग केलं. मालकांनी हिरवं बटण दाबलं. एरवी डब्यात ठक् असा आवाज व्हायचा आणि विहिरीच्या काठावर पंप घुरघुरायला लागायचा. त्या दिवशी ठक् झालं आणि घुरघुर मात्र नाही. मालकांनी पुन्हा दाबलं. भिंतीपलीकडून मावशींनी विचारलं, "का वो, रद्द झाली काय?" मालकांनी माइक उचलला आणि तांत्रिक कारणास्तव विलंब जाहीर केला. कर्णा मात्र ठणठणीत होता. पुढचे सगळे दिवस हेच चाललं. घोषणा वेळेवर, खणखणीत, आणि गाडीचा पत्ता नाही. गल्लीचं म्हणणं पडलं की मालकांनी अखेर खराखुरा स्टँड घरात उभा केला.

एरवी यात हसण्यापलीकडे काही नव्हतं. नळाचं पाणी सकाळी येतच होतं. काकू आणि मी बादल्या उचलून जिना चढत होतो. पण चिरंजीवांनी नवीन गाडी घेतली होती, लांबरुंद, पांढरी, आणि ते महिन्यातून एकदा आई-वडिलांना भेटायला आले की ती गल्लीत कुठं लावायची हा प्रश्न पडायचा. विहीर मुरमानं भरून घेऊ, वर स्लॅब टाकू, गाडी आत येईल, असं ते केव्हापासून म्हणत होते. मालक दरवेळी एकच उत्तर द्यायचे, "चालू मार्ग बंद करता येत न्हाय." आता मार्ग चालू राहिला नव्हता. चिरंजीवांनी फोनवर नेमकं त्यावरच बोट ठेवलं. पंप सुरू नाही तर विहीर कशाला? येत्या रविवारी दुपारी मुरमाचा ट्रॅक्टर सांगू का?  मालक म्हणाले, "रविवारपतोर गाडी सुटली न्हाय, तर सांग ट्रॅक्टर. शेवटच्या गाडीची घोषणा मीच करतो."

फोन ठेवला आणि अंगणात जाऊन बंद पंपावरची पेरूची पानं झाडून काढली. स्टँडवर आता त्यांना कुणी ओळखत नव्हतं. त्यांच्या शब्दावर सुटणारी ही एकच गाडी उरली होती.

मी गल्लीच्या टोकाचा वायरमन बोलावला. त्यानं दारातूनच सांगितलं की स्टार्टर बदला, नाहीतर मोटार वाइंडिंगला टाका. मालक त्याला म्हणाले, "प्रवासी आला न्हाय म्हणून तू फलाट बदलतोस व्हय?" आणि तपास स्वतःकडे घेतला.

मालकांचा सिद्धांत असा की करंट म्हणजे गाडी. मीटर हा डेपो, मेन स्विच हा स्टँड, स्टार्टरचा डबा हा फाटा आणि पंप हे शेवटचं गाव. गाडी डेपोतून सुटते आणि गावाला पोचत नाही, म्हणजे वाटेत कुठंतरी अडकली आहे. प्रत्येक थांब्यावर चौकशी करायची, सापडेल. खरं सांगतो, मी तेव्हा हसलो, पण पंप बंद पडल्यावर कुठून कुठवर बघत जायचं हे मला पुढं जन्मभर याच्यावरूनच लक्षात राहिलं.

चौकशीसाठी त्यांच्याकडे एक टेस्टर होता. ते मला मीटरपाशी उभं करत. मी तिथं काय करायचं? काही नाही. "डेपोत माणूस पायजे." मग स्वतः एकेका थांब्यावर जाऊन लाल तारेच्या टोकाला टेस्टर टेकवत. टेस्टरमधला दिवा पेटला की ते ओरडत, "मेन स्विच, आली." मी उगीचच "बरं" म्हणायचो. "फाटा, आली." बरं. "शेवटचं गाव, आली." बरं. गाडी सगळीकडे वेळेवर पोचत होती आणि पंप मात्र मेल्यासारखा पडून. रोज संध्याकाळी हीच फेरी, रोज हाच निकाल. मालक टेस्टर खिशाला लावून विहिरीच्या काठावर बसत आणि पंपाकडे असं बघत जणू उतरून पळून गेलेल्या प्रवाशाची बॅग त्यांच्या हाती राहिली आहे.

रविवार उजाडला. चिरंजीव आले. पांढरी गाडी गल्लीत, गटाराला अर्धी टेकवून. बरोबर मापाची टेप. माणूस वाईट नव्हता. येताना वडिलांना आवडतो तो पुण्याचा चिवडा घेऊन आला होता आणि टेप खिशातून काढताना त्याला ती लपवावीशी वाटत होती. मालक स्वतःच म्हणाले, "आण हिकडं, दुसरं टोक मी धरतो." आणि विहिरीच्या कठड्याला टेपचं टोक लावून वाकून उभे राहिले. लेक फाटकाकडे चालत गेला. मधे टेप ताणलेली. "ढिली सोडू नगंस," मालक म्हणाले, "माप चुकंल."

चिरंजीवांनी माप घेतलं आणि विचारलं, "बाबा, शेवटचं एकदा बघताय का?"

मालकांनी बघितलं. मला डेपोत उभं केलं, फेरी मारली. मेन स्विच, आली. फाटा, आली. शेवटचं गाव, आली. ते टेस्टर हातात धरून अंगणाच्या मधोमध थांबले आणि स्वतःशीच म्हणाले, "गाडी तर सगळीकडनं सुटलीया."

काकू तेव्हा नळाच्या पाण्याची बादली घेऊन जिन्याकडे निघाल्या होत्या. त्यांनी बादली खाली ठेवली. आठवडाभर जिना चढून त्यांचे गुडघे भरून आले होते आणि बोलायला त्यांना निमित्त हवं होतं.

"सुटलीया, सुटलीया. जल्मभर तेवढंच सांगिटलासा. गेलेली गाडी परत आली का, हे कधी कुणाला इचारलासा? मी हितं ताट झाकून बसायची, तवा माणूस घरी कवा येणार ह्याची कुठल्या माइकवर सांगायची पद्धत न्हवती."

त्या टोमण्यात विजेचा काही संबंध नव्हता. तो जेवणाच्या झाकलेल्या ताटांबद्दल होता आणि फार जुना होता. पण मालक जागच्या जागी थिजले. त्यांनी हातातल्या टेस्टरकडे बघितलं, मग स्टार्टरकडे, मग काकूंकडे, आणि इतक्या हळू म्हणाले की मला जेमतेम ऐकू आलं, "परतीची गाडी."

लाल तार जाणारी. काळी तार येणारी. करंट गेला की परत यायचा रस्ता लागतोच, नाहीतर तो जातच नाही. आणि टेस्टर जाणाऱ्याचीच तेवढी खबर देतो. आठवडाभर मालकांनी लाल तार पुन्हा पुन्हा तपासली होती. काळ्या तारेला त्यांनी हात लावला नव्हता, कारण पोचायचं आणि परत यायचं बघतो डायव्हर.

मेन स्विच पाडला. मला त्याच्यापुढे पहारेकऱ्यासारखं उभं केलं, कुणी चुकून चढवू नये म्हणून. मालकांनी काळ्या तारेवर बोट ठेवलं आणि बोट तारेबरोबर चालवत निघाले. पंपापासून कठडा, कठड्यावरून भिंत, भिंतीवरून स्टार्टर. स्टार्टरमधून तार बाहेर पडली आणि सरळ मेन स्विचकडे जायच्या ऐवजी उजवीकडे वळली. मालकांचं बोटही वळलं. तार शेजारच्या लाकडी पेटीत शिरली. माइकच्या पेटीत.

त्यांनी पेटी उघडली. आत ॲम्प्लिफायरला करंट द्यायला मालकांनीच स्वतःच्या हातानं पंपाची काळी तार तोडून जोड मारला होता. त्या जोडाची पंपाकडची बाजू जळून कोळसा झाली होती. कर्ण्याकडची बाजू शाबूत. म्हणजे घोषणा होत राहणार आणि गाडी कधीच सुटणार नाही, अशी पक्की व्यवस्था त्या पेटीत झाली होती.

मी मेन स्विचकडे तोंड करून उभा राहिलो, कारण माझ्या चेहऱ्यावर माझा ताबा नव्हता. भिंतीवरून मावशी बघत होत्या. चिरंजीव टेप उघडत होते, मिटत होते.

मालकांनी खांद्यावरचा पंचा काढून कपाळ पुसलं, ताठ उभे राहिले आणि माइकवरच्या भाषेत, पण माइकशिवाय, बोलले, "गाडी अडवल्याबद्दल सदर कर्ण्यास चौकशी पूर्ण होईपर्यंत निलंबित करण्यात येत आहे." मग पेटीतल्या तारा उपटल्या. दुसरा जोड मारून कर्णा चालू ठेवता आला असता, मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, "मलकापूर, ड्युटीवर गाडी अडवणाऱ्या किती जणांची मी वर तक्रार केली, ठाव हाय? आपला माणूस म्हणून सोडायचं व्हय?"

जळकं टोक कापलं, चाकूनं तार खरवडून चकचकीत केली, पेटी सोडून सरळ जोड मारला, वर काळी चिकटपट्टी घट्ट गुंडाळली. मी मेन स्विच चढवला. काकूंनी चिरंजीवांना गच्चीवर पिटाळलं, पाणी टाकीत पडतं का बघायला. ते हातात मापाची टेप तशीच घेऊन जिना चढले.

मालक स्टार्टरपाशी उभे राहिले. हिरव्या बटणावर अंगठा. डावा हात सवयीनं माइककडे गेला आणि मधेच थांबला. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं, घसा खाकरला.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे."

कर्ण्याशिवाय तो आवाज माइकवरच्या भाषेत मी त्या दिवशीच ऐकला. अंगणापुरता, जरा घोगरा, एखादा म्हातारा माणूस घरातल्या घरात काहीतरी विचारतो आहे असा. "विहीर ते गच्ची, मोरीमार्गे जाणारी गाडी फलाट क्रमांक एकवरून सुटण्याच्या तयारीत आहे." साबण, मिक्सर, सगळं सांगून झालं. धन्यवाद म्हणून झालं.

अंगठा हलला नाही.

नियम तो नियम. घंटा गच्चीवरून यायला हवी. आणि घंटा देणारा मलकापूर तर खाली, मेन स्विचपाशी. मी तोंड उघडणार एवढ्यात काकूंनी डोळे वटारून मला गप्प केलं. मालक विहिरीकडे बघत उभे. मावशींनी भिंतीवर दोन्ही कोपर टेकले. बाहेर गल्लीत कुठंतरी ट्रॅक्टरचा आवाज येत होता, तो आपला की दुसऱ्याचा ते कळेना.

वर गच्चीवर टाकीचं झाकण सरकलं. मग टेपचा पत्रा सर्रकन आत गुंडाळला गेला. मग कठड्यावरून चष्मा लावलेलं, मधोमध टक्कल पडू लागलेलं एक डोकं पुढं आलं, आणि पुण्याचे ते एवढे मोठे साहेब बेंबीच्या देठापासून ओरडले,

"टिंग टिंग! जाऊ द्या!"